मनोहरने न लिहिलेलं वाक्य

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, रोज सकाळी स्टेशनकडे ज्यांच्यासोबत फिरायला जातो त्या मित्रांपाशी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी मागत बसतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे इथेही मी सोयच बघितली, नाही का? असो. आता थकवा आलाय. थोडा वयाचा असेल, पण बराचसा या गोष्टीचा आहे.

सरळ मुद्द्यावर यावं, हे मला कळतं. जन्मभर मी शाळेत इतिहास शिकवला आणि उत्तराच्या सुरुवातीला पाल्हाळ लावणाऱ्या मुलांचे मार्क कापले. पण ही गोष्ट सरळ सांगायला गेलो की दर वेळी एक सभ्य, नीटनेटकी गोष्ट तयार होते आणि तिच्यात मी बरा माणूस निघतो. म्हणून जरा फिरून येतो. फिरून येताना तरी खरं सापडतं का, बघू.

आमचं गाव सिंदी, रेल्वेवालं. दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागून मनोहर आला. मनोहर नागोसे, कॉम्प्युटरचा शिक्षक. मानधनावरचा — म्हणजे संस्थेने दर वर्षी पुन्हा नेमला तर आहे, नाही तर नाही. अंगाने बारीक, बोलायला हळू. लॅबच्या दाराशी सगळ्यांना चपला काढायला लावायचा, हेडमास्तरांनाही. की-बोर्ड स्वतःच्या रुमालाने पुसायचा. भारनियमनात लाइट गेली की मुलं पळायची, आम्ही मास्तर लोक चहाला निघायचो, आणि हा त्या बंद खोलीत घाम पुसत बसून राहायचा, लाइट आल्यावर मशिनला झटका बसू नये म्हणून.

मला मराठी टायपिंग त्यानेच शिकवलं. प्रश्नपत्रिका हाताने लिहून माझी बोटं दुखायची, म्हणून. मी त्याच्यापेक्षा वयाने चांगला मोठा, तेव्हा माझं चुकलं की तो माझ्या चुकीचं खापर कॉम्प्युटरवर फोडायचा. म्हणायचा, "सर, हे मशीनच हळू आहे." मशीन हळू नव्हतं. हे मी का सांगतोय? कारण पुढे जे झालं ते एखाद्या उद्धट, शिष्ट माणसाच्या बाबतीत झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्याच सुमारास नागपूरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे मला कळलं की इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे, मराठीतही आहे, आणि त्यात कुणीही लिहू शकतो. कुणीही. नाव नोंदवावं लागत नाही, डिग्री विचारत नाहीत. नाव नोंदवलं नाही तर तुमच्या लेखनापुढे नुसती आकड्यांची एक रांग उमटते, तुम्ही ज्या जोडणीवरून लिहिलं तिची. परत आल्यावर मी आमच्या गावाचं पान उघडलं. दीड ओळ होती. तालुका, जिल्हा, संपलं. मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. एवढं मोठं गाव, कापसाचा बाजार, स्टेशन, तान्हा पोळा — आणि दीड ओळ?

मग मी लिहायला लागलो. रिकाम्या तासाला लॅबमध्ये जाऊन, कोपऱ्यातल्या मशिनवर, प्रश्नपत्रिका टाइप करतोय असं दाखवत. बाकीचे शिक्षकही येऊन बसायचे — कुणी रेल्वेचं रिझर्व्हेशन बघायला, कुणी मुलाचा निकाल बघायला — त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. स्टेशन कसं आलं, बाजार कसा भरतो, शेतीत काय काय होतं, कोणत्या देवळाची जत्रा कधी. एकेक परिच्छेद. घरी येऊन मी गुणगुणायचो. बायको विचारायची, काय मिळालं? मी म्हणायचो, काही नाही.

नाव का नाही टाकलं? तेव्हा मी स्वतःला सांगायचो, ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं, नाव कशाला हवं. ऐकायला छान वाटतं. पण त्यात भीतीही होती. गावात मी इतिहासाचा मास्तर. माझ्या नावाने एखादं साल चुकलं असतं तर पानठेल्यावर आठवडाभर विषय झाला असता. बिननावाचं बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या देवळात देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. नाव, रक्कम, नाव, रक्कम, आणि मधेमधे नुसतं 'गुप्तदान'. पण गुप्तदान कुणाचं, हे गावात कुणालाच गुप्त नसतं. लोक अंदाज बांधतात, मग त्या माणसाला गाठून विचारतात, काय हो, तुम्हीच ना? तो म्हणतो, छे छे, मी कुठला. झालं, पक्कं झालं. ज्याने दिलं तो कधी हो म्हणत नाही, म्हणून जो नाही म्हणतो तोच देणारा. लहानपणापासून मी हे बघत आलो. सगळेच बघत आलेत. ही आमच्याकडे विचार करायची गोष्टच नाही, श्वासासारखी आहे.

तर, ते पान चांगलं लांबरुंद झाल्यावर नागपूरच्या एका पेपरात छोटी बातमी आली — सिंदीची माहिती आता इंटरनेटवर, अज्ञात लेखकाची कामगिरी. गावात ते कात्रण फिरलं. अज्ञात म्हणजे कोण? कॉम्प्युटर कुणाला येतो? मनोहरला. त्याला विचारलं. तो म्हणाला, मी नाही लिहिलं. बस्स. पक्कं झालं.

मी तेव्हा हसलो होतो, तुम्हाला खोटं वाटेल. मजा वाटली. वाटलं, दोन दिवस चालेल आणि विझेल. विझलं नाही. त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या वॉर्डात मनोहरचा सत्कार ठरला.

तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. लाकडी बैल सजवून आणतात, दारोदार बोजारा मागतात, खाऊ म्हणा, पैसे म्हणा. आमच्या वॉर्डात एक मोठा लाकडी नंदी आहे, चाकांवरचा, माणसाच्या उंचीचा. तो बाबूसेठच्या घरी असतो. बाबूसेठ म्हणजे सरकी-ढेपेचे व्यापारी, आमच्या संस्थेचे उपाध्यक्ष. त्यांच्या आजोबांनी तो नंदी घडवून घेतला असं सगळे सांगतात, आणि मीही त्या पानावर तसंच लिहिलं होतं. म्हातारे बाबूसेठ दर वर्षी स्वतःच्या हाताने त्याच्या शिंगांना बेगड लावतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

त्या नंदीपुढे बाबूसेठनी मनोहरच्या खांद्यावर शाल टाकली. हेडमास्तर बोलले. त्यांनी मी लिहिलेला परिच्छेद माइकवरून वाचून दाखवला — स्टेशनवरचा, मला स्वतःला फार आवडलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहर माइकपाशी गेला आणि म्हणाला, "मी हे नाई लिहिलं. ज्यानं लिहिलं त्याले ही शाल द्या." त्यावर तर आणखीच टाळ्या. बायाबापड्या म्हणाल्या, संस्कार पाहा पोराचे. माझी बायकोही त्यांच्यात होती. घरी आल्यावर ती म्हणाली, किती गुणाचा पोरगा, एवढं सुंदर लिहून नाव नको म्हणतो, नाही तर तुम्ही — भाजी आणली तरी चारदा सांगता.

मी जेवलो नाही त्या दिवशी. पित्त झालं म्हणून सांगितलं.

नाव नको, असं म्हणणाऱ्या माणसाला नाव दुसऱ्याला गेल्यावर एवढं का झोंबावं? मी फार विचार केला यावर. उत्तर साधं आहे, आणि लाजिरवाणं आहे. मला गुप्तदान द्यायचं होतं, पण आमच्या गावच्या पद्धतीचं. लोकांनी मला गाठावं, मी छे छे म्हणावं. माझं 'छे छे' मनोहरने फुकटात म्हटलं, आणि तेही खरेपणाने. मला त्याचा राग आला. त्याचा काय दोष होता? काहीच नाही. राग आला, एवढंच.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी त्या पानावर एक वाक्य टाकलं. नंदीबद्दल. की हा नंदी मुळात वॉर्डातल्या लोकांनी वर्गणी काढून घडवला होता आणि पुढे सेठ घराण्याने तो घरी नेऊन स्वतःच्या नावावर केला.

खरं होतं का ते? मला माहीत नाही. आजही माहीत नाही. मी लहान असताना आई एकदा गर्दीत म्हणाली होती, हा आधी साऱ्यांचा होता म्हणे. बस, तेवढंच. आईने कुठे ऐकलं, कुणाकडून, मी कधी विचारलं नाही. तिचा तो 'म्हणे' मी गाळला, 'घरी नेऊन स्वतःच्या नावावर केला' हे माझ्या पदरचं घातलं, आणि इतिहासाच्या मास्तरच्या ठाशीव भाषेत लिहून टाकलं. वर्गात एखादा मुलगा असं काही बोलला असता तर मी विचारलं असतं, पुरावा काय रे?

कुणीतरी ते वाक्य काढलं. मी पुन्हा टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. मग त्या ज्ञानकोशाचं काम बघणाऱ्या एका स्वयंसेवकाने — कोण, कुठला, मला माहीत नाही — चर्चेच्या पानावर लिहिलं की हे पान बिननावाच्या लेखकांना बंद करावं, ज्याला लिहायचं त्याने नाव नोंदवून लिहावं. आणि मी, कोपऱ्यातल्या मशिनवर बसून, त्याला लांबलचक उत्तर लिहिलं.

त्या उत्तराबद्दल काय सांगू? माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं लेखन असेल. मी लिहिलं की ज्या सुनेला घरात पेन धरलेलं चालत नाही ती बिननावानेच लिहू शकते. ऑफिसातला कारकून स्वतःच्या खात्याबद्दल खरं लिहील तर बिननावानेच लिहील. लहान गावात नाव म्हणजे जात, घर, कुणाचा कोण, कुणाशी वैर, हे सगळं आलं. नाव गेलं की नुसतं लिहिलेलं उरतं आणि ते खरं की खोटं एवढंच बघावं लागतं. यातला शब्द न् शब्द मला अजून पटतो. तसं लिहायचा हक्क माणसाला असावा. त्या स्वयंसेवकालाही पटलं, त्याने पान उघडं ठेवलं आणि मला धन्यवाद दिले. फक्त — मी ती सून नव्हतो, आणि तो कारकूनही नव्हतो. हे त्याला कसं कळणार?

दिवाळीत बाबूसेठचा पुतण्या पुण्याहून आला. तिकडे कंपनीत होता, कॉम्प्युटरमध्येच. त्याने काकांना कौतुकाने गावाचं पान दाखवायला उघडलं आणि ते वाक्य निघालं. पुतण्याने पानाचा इतिहास काढून दाखवला. पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या वाक्यापर्यंत आकड्यांची रांग एकच, शाळेच्या जोडणीची. ज्याने सगळं पान लिहिलं त्यानेच हेही लिहिलं. आणि पान कुणी लिहिलं होतं? हे तर गावाला ठाऊकच होतं, शाल दिली होती त्याला.

मनोहर म्हणाला, मी नाही लिहिलं.

तुम्हाला आता कळलंच असेल त्याचं काय झालं. तो जितक्यांदा नाही म्हणाला तितक्यांदा पक्कं होत गेलं. चांगल्याला नाही म्हटलं तेव्हा विनय होता, वाईटाला नाही म्हटलं तेव्हा लबाडी झाली. बाजारात लोक त्याच्याकडे बघून पुटपुटायला लागले. संस्थेची सभा ठरली. त्याच्या नेमणुकीचा विषय त्यातच होता.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बायकोने चहा केला. त्याने बशीत सांडलेला चहा रुमालाने पुसला. मग म्हणाला, "सर, माह्या बाजूनं बोला असं नाई म्हणत मी. फक्त एवढंच सांगा, का लॅबमंदी सारेच बसतेत. कोणीबी बसते. तुमी सांगितलं तर आयकतीन."

किती छोटं मागणं. आणि किती खरं. लॅबमध्ये सगळेच बसतात — हे हेडमास्तरांना, शिपायाला, सगळ्यांना माहीत होतं, पण सेठपुढे बोलणार कोण? मी सगळ्यात जुना मास्तर. माझ्या तोंडून एक वाक्य गेलं असतं तर आकड्यांची ती रांग एकट्या मनोहरची राहिली नसती. सगळ्यांची झाली असती. माझीही झाली असती. मी त्याला म्हणालो, बोलतो, काळजी करू नको. तो गेल्यावर बायको म्हणाली, काही करा, पण याचं पोट जाऊ देऊ नका.

सभा चित्रकलेच्या हॉलमध्ये भरली. बाबूसेठ ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. म्हातारा माणूस, खुर्चीत दबून बसला होता. ते एवढंच म्हणाले, "मी याच्या खांद्यावर शाल टाकली. यानं माह्या आज्याले चोर म्हटलं." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मी त्यांचंही नुकसान केलं होतं, हे मला तिथे बसून पहिल्यांदा कळलं. तोवर माझ्या लेखी ते नुसते श्रीमंत होते.

हेडमास्तरांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मनोहर माझ्याकडे बघत होता. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, "हे ज्याने लिहिलं असेल, त्याला आपलं नाव न सांगायचा हक्क आहे. आपण त्याला नाव विचारू नये. मी त्याच्या पाठीशी आहे." मग चर्चेच्या पानावर लिहिलेलं ते सगळं म्हणून दाखवलं. सून, कारकून, लहान गाव. माझा आवाजही चांगला लागला होता. लॅबमध्ये सगळेच बसतात, हे मी म्हणालो नाही.

मी बोलायचा थांबलो तेव्हा हॉलमधली सगळी माणसं मनोहरकडे बघत होती. वानखेडे सर, म्हणजे मी, त्याच्या पाठीशी आहेत म्हणजे त्यानेच लिहिलं. आणखी कशाला पुरावा पाहिजे? मला हे बोलण्याआधी कळलं होतं का? कळलं होतं. मी त्याच गावात जन्मलो, त्याच देवळाची पाटी वाचत मोठा झालो. माणसाचं नाव न घेता त्याची बाजू घेतली की नाव आपोआप पक्कं होतं, हे मला नाही कळणार तर कुणाला?

त्याची नेमणूक पुढे झाली नाही. तो गावातून गेला. माझं मात्र नाव झालं. सेठपुढे उभं राहून गरीब पोराची बाजू घेणारा एकच मास्तर, असं लोक म्हणायचे, अजूनही एखादा म्हणतो. बायकोने त्या दिवशी माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. मी खाल्ली. ते वाक्य नंतर कुणीतरी काढून टाकलं, मी पुन्हा टाकलं नाही, आणि त्या पानावर पुन्हा एक अक्षरही लिहिलं नाही.

इथवर सांगून थांबलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता? की मास्तर रागात चुकला, मग घाबरला, मग गप्प बसला. माणूस आहे, होतं असं. मीही कैक वर्षं स्वतःला एवढंच सांगत आलो. पण हे सगळं नाही. एक रविवार मी मधे गाळलाय.

माझी बहीण वर्धेला लागून बोरगाव मेघ्याला राहते. सत्कारानंतरच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या घराच्या रस्त्यावरच एक सायबर कॅफे होता, प्लायवुडच्या खोक्यांचा. दुपारी सगळे झोपले तेव्हा मी तिथे गेलो आणि गावाचं पान उघडलं. नंदीबद्दलचं ते वाक्य मी तिथेच टाइप केलं होतं, पूर्ण. आता फक्त बटण दाबायचं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथून लिहिलं तर आकडे निराळे उमटतील. वर्धेचे, कुठल्यातरी अनोळखी जागेचे. मग हे वाक्य पानाच्या लेखकाचं ठरणार नाही. मनोहरचं ठरणार नाही.

मी ते पुसलं. कॅफेवाल्याचे पैसे दिले, बहिणीकडे येऊन चहा प्यालो, भाच्याच्या अभ्यासाची चौकशी केली. आणि सोमवारी शाळेत, लॅबच्या दाराशी चपला काढून, मनोहरला नमस्कार करून, कोपऱ्यातल्या मशिनवर बसून ते वाक्य टाकलं.

आता सांगा, हा राग होता का? राग एक रात्र झोपून, बस पकडून, कामावर येतो का? मनोहरच्या खांद्यावरची शाल मला खाली पडलेली बघायची होती. ती ज्याने टाकली त्याच्याच हाताने. हे मी ठरवून केलं. त्याचं पोट जाईल असं ठरवलं नव्हतं, हे खरं आहे — पण हे मी का सांगतोय, ते तुम्हाला कळतंय आणि मलाही कळतंय. राहू द्या.

नंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी देवळीला गेलो होतो. लग्नघर शोधत बाजारातून जात होतो, तर एका दुकानातून हाक आली, "वानखेडे सर." मनोहर. इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकलं होतं. अंगाने भरला होता, केस पांढरे व्हायला लागले होते. खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसून दिली. चहा मागवला. भारनियमनाच्या कृपेनं बरं चाललंय म्हणाला, आणि हसला.

तेवढ्यात सिंदीकडचा एक गिऱ्हाईक आला, ओळखीचा असावा. मला म्हणाला, सर, तुमच्या गावच्या सेठचं बिंग यांनीच फोडलं होतं ना, कॉम्प्युटरवर? मी मनोहरकडे बघितलं. मनोहर अगदी साधेपणाने म्हणाला, "हो, मीच." गिऱ्हाईक खूश झाला, बॅटरी घेऊन गेला.

तो गेल्यावर मनोहर बॅटरीवरची धूळ पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता मी हो म्हणतो, सर. नाई म्हणून म्हणून थकलो. बायकोले बी शेवटी हो म्हणून टाकलं. तिले वाटे, मी तिच्यापासूनच लपवून राह्यलो." त्याने फडकं बाजूला ठेवलं. "तुमी एकटे उभे राह्यले होते माह्यासाठी. मी विसरलो नाई."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रस्त्यावर लग्नाच्या बँडचा आवाज होता, पण बोललेलं ऐकू न यावं इतका नाही. माझ्या हातात त्याने मागवलेला चहा होता. सांगायला याहून बरी जागा, याहून बरी वेळ मला आयुष्यात मिळाली नव्हती आणि मिळणार नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं.

मी चहा संपवला आणि म्हणालो, "बरं केलं."